पत्राला घडी घालायची नाही

समजा, तुमचं वय नऊ आहे आणि तुमच्या वर्गात एकच विद्यार्थी आहे. तो तुमच्याहून सत्तावन्न वर्षांनी मोठा आहे, त्याच्या मिशा पांढऱ्या आहेत आणि तो धड्याच्या वेळी हमखास चहा मागतो. काय कराल? सुचत नसेल तर या पोरीशेजारी येऊन बसा. तिला सुचतं.

"आजोबा, बोट उचललंत."

"नाही उचललं."

"उचललंत. ओळ पहिल्यापासून."

"बरं, मास्तर." आजोबांनी सुस्कारा सोडला आणि बोट पुन्हा ओळीच्या सुरुवातीला नेलं.

आजोबा रंगारी होते. चाळीस वर्षं ब्रश धरून आणि टर्पेंटाइनने हात धुऊन त्यांच्या बोटांची टोकं पॉलिश पेपरसारखी झाली होती. म्हणून धड्याआधी दहा मिनिटं बोटं कोमट पाण्यात बुडवून ठेवायची, असा नातीचा नियम होता. "राठ बोटाच्या डोक्यात काही शिरत नाही," ती म्हणे.

घरात ही दोघंच. नात वर्षातले दहा महिने वसतिगृहाच्या शाळेत असे आणि तिथून दर पंधरवड्याला पत्र लिही. पत्र आलं की आजोबा ते दोन्ही हातांनी जपून धरून पलीकडच्या गल्लीत जात. तिथे पूर्वी नातीच्याच शाळेत शिकवणाऱ्या एक शिक्षिका राहायच्या. त्या मोठ्याने वाचून दाखवत आणि आजोबा दाराजवळच्या खुर्चीत बसून ऐकत. शिक्षिका भल्या होत्या. पण त्यांच्या आवाजात नातीचं पत्र कसं जाहीर सूचनेसारखं वाटे. मी मजेत आहे. जेवण चांगलं आहे. तब्येतीची काळजी घ्या.

सुट्टीच्या पहिल्याच दिवशी आजोबांनी विचारलं होतं, "दर वेळी मजेतच कशी गं असतेस तू?"

"मग काय लिहू? सगळं आधी त्या बाईंना कळतं. तुम्ही स्वतः वाचायला लागा, मग लिहीन खरं काय ते."

सुट्टी वीस दिवसांची. त्याच दुपारी वर्ग सुरू झाला.

सुरुवातीला तिने अंड्यांच्या ट्रेचा सहा खळग्यांचा तुकडा फाडून आणला आणि गोट्यांचा डबा काढला.

"अक्षरं शिकायचीत की गोट्या खेळायच्यात?" आजोबांनी विचारलं.

"आमच्या शाळेत लहान गटाला असंच शिकवतात."

"मी लहान गटात?"

"सध्या तरी. पास झालात तर वर घेऊ."

समोरचा न्हावी वस्तऱ्याला धार लावता लावता हे सगळं ऐके. "काय हो, या वयात पुन्हा गमभन?" तो रस्त्यापलीकडून विचारी.

"तू आपल्या गिऱ्हाइकाचा गाल सांभाळ," आजोबा म्हणत आणि गोट्या मांडू लागत.

दहाव्या दिवशी गोट्या सुटल्या आणि कागद आला. आजोबांची खरी पंचाईत तिथे झाली. इ आणि ए यांची ते रोज अदलाबदल करत. घाईने पुढे पळत आणि शब्द अंदाजाने ठोकून देत. एकदा त्यांनी हळूच स्टूल खिडकीकडे सरकवलं.

"जागा सोडायची नाही," नात म्हणाली. "ती लबाडी झाली."

"अगं, इथे उजेड कमी पडतो."

"आमच्या शाळेत अशी तक्रार कुणी करत नाही."

आजोबा मुकाट्याने परत आले. एकदा त्यांनी सरावासाठी दिलेलं पत्र दुमडून खिशात घातलं, तेव्हा मात्र ती खरोखर रागावली. "पत्राला घडी घालायची नाही, किती वेळा सांगू? अक्षरं चेपून मरतात."

निघायच्या दिवशी सकाळी परीक्षा होती. आदल्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात ओट्यावर कागद ठेवून लिहीत होती. लिहिताना ती इतका जोर लावे की ओट्यावरची वाटी हलत राही. सकाळी तिने जाड कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यावर दोनच वाक्यं होती.

"मनात वाचा," ती म्हणाली. "नाही जमलं तर तसं सांगा. मी रागावणार नाही. पण मग मजेतच आहे असं लिहीत जाईन."

आजोबांनी बोट ठेवलं. ओठ हलू लागले. एका शब्दापाशी ते अडले, मागे गेले, पुन्हा आले. चहा गार झाला. नात हात मांडीवर ठेवून बसली होती.

बऱ्याच वेळाने आजोबांनी बोट उचललं.

"काय लिहिलंय?" तिने विचारलं.

"कुणाला सांगू नका, असं लिहिलंय. मग कसं सांगू?"

आजोबा उठले. खुंटीवरचं आपलं कामाचं उपरणं त्यांनी काढलं आणि तिच्या बॅगेत सगळ्यात वर ठेवलं.

"त्याला टर्पेंटाइनचा वास येतो," नात म्हणाली.

"येऊ दे. उशाशी घेऊन पडत जा. झोप लागेल."

तिने बॅगेत हात घालून उपरणं चाचपलं आणि चेन लावली.

"पास," ती म्हणाली. "मोठ्या गटात घेतलंय तुम्हाला."

शाळेची बस कोपऱ्यावर येणार होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानांच्या पाट्या होत्या: न्हाव्याची, बेकरीची, औषधवाल्याची, थेट टोकाच्या छापखान्यापर्यंत. गेल्या चाळीस वर्षांत त्यांवरचं प्रत्येक अक्षर आजोबांच्या हातून उतरलं होतं, आणि एकाचाही तोल कुठे गेलेला नव्हता. त्यांनी नेहमीप्रमाणे नातीपुढे हात केला.

"हात नको, तुम्ही बॅग घ्या," ती म्हणाली. बॅगेच्या बाजूच्या कप्प्यातून तिने घडीची पांढरी काठी काढली, झटकून सरळ केली आणि तिच्या टोकाने फरशी टकटक करत आजोबांच्या पुढे चालू लागली.