ओढ्याकाठची जुनी वस्ती

"चारशे वर्षांपूर्वीचं," असं म्हणत संशोधकाने खापर जिभेला लावून पाहिलं. आजीने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. उचलली जीभ, लावली खापराला!

ते खापर तिच्याच दुधाच्या मडक्याचं होतं. गेल्या महिन्यात तिने आणि सुनेने घरातली मडकी फोडली, धुरात काळी केली आणि शेळीच्या हाडांबरोबर पुरली. ओढ्याकाठच्या सात घरांवर खडीवाल्याचा डोळा होता. जुनी वस्ती सापडली तर त्याला खाणीची परवानगी मिळणार नाही, असं सुनेने कुठूनसं ऐकलं होतं. वस्ती नव्हती, म्हणून दोघींनी केली. एकही घर सुटू नये म्हणून सातही दारांपुढे खापरं पुरली.

शिकलेल्याला फसवायला अक्कल लागेल, अशी आजीची समजूत होती. हा तर दात घासायच्या ब्रशने दगड घासत, गुडघ्यांवर रांगत होता. असल्यांना पगार देतात! शिकला तितका हुकला. तिचा धाकटा दहावीला तीनदा आपटला होता, पण त्याने खापर कधी चाटलं नव्हतं.

"काय करायचे हो इथले लोक?"

"चटया विणायचे."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"माझ्या आजेसासूने. तिला तिच्या आजेसासूने."

त्याने ते लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या. "मग गेली कुठे ती माणसं?"

हे दोघींनी ठरवलंच नव्हतं. सून दारातून टकमक बघत राहिली.

"उठून गेली," आजी म्हणाली. "कुठे, ते कुणी विचारलं नाही."

संशोधकाचे डोळे भरून आले. आजीला त्याची किळसच आली. नसलेल्या माणसांसाठी कसलं रडायचं?

"खडीवाला इथला एक दगडही हलवणार नाही," तो म्हणाला. "माझा शब्द आहे."

तो वळणाआड गेल्यावर दोघी पोट धरून हसल्या. "दीडशहाणा मेला!" आजी म्हणाली.

पण माणूस शब्दाचा पक्का निघाला. तीन आठवड्यांत खडीवाल्याची यंत्रं परत गेली आणि तारेच्या कुंपणाचे खांब आले. खांब रोवणाऱ्यांना आजीने स्वतः पाणी दिलं.

दुपारी सरकारी शिपाई आला. सगळ्यांना अंगणात बोलावून त्याने कागद मोठ्याने वाचला: "प्राचीन वस्तीच्या जतनासाठी ओढ्याकाठची सातही घरं महिनाअखेर पाडण्यात येतील."