अत्तींनी निवडलेली जागा

बॅगेची चेन कर्रकन ओढल्याचा आवाज आला आणि दुपारची शांतता मोडली. भुवनेश्वरी भाकरीचं पीठ हाताला तसंच घेऊन आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

तिच्या सासूबाई, काशम्मा, पलंगावर बसून बॅग भरत होत्या.

"अत्ती, हे काय?"

"रविवारी गावाला सोड म्हनावं शिवानंदला. लई दिवस राहिले."

"तिथं एकट्या कशा राहणार? डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत की."

"एकटी कशानं? बांधावर ह्यांची समाधी हाय. हितं तुमच्या जुळे सोलापुरात खाली बी घर, वर बी घर. माती म्हनून कुटं दिसत न्हाय."

सासरे गेल्यापासून काशम्मा या फ्लॅटमध्ये होत्या, पण पाहुणी असावी तशा. त्यांना अधूनमधून चक्कर येई. त्यांना गावाकडच्या बंद घरात सोडायचं म्हटलं की भुवनेश्वरीचं मन तयार होत नसे. तिची स्वतःची आई लहानपणीच गेलेली. 'भुवी' म्हणून हाक मारणारं घरात हे एकच माणूस होतं.

"या रविवारी नको, पुढच्या," ती म्हणाली. "या शनिवारी आपण सगळे तळ्याकाठी मुक्कामाला जाऊ. हुरड्याचे दिवस आहेत. मग तुम्ही म्हणाल तसं."

हे तिला बोलता बोलताच सुचलं होतं.

संध्याकाळी तिचा नवरा शिवानंद ऑफिसातून आला, तोवर तिनं मोबाईलवर तीन जागा शोधून ठेवल्या होत्या. तिसरी बघून त्यानं मान हलवली. "होटगीचं तळं अव्वाला दाखवू नको. लग्नानंतर अव्वा-आप्पा त्याच काठाला कुणाचं तरी रान वाट्यानं करायचे. माझ्या जन्माच्या आधी. काही लाभलं नसावं तिथं. नाव काढलं तरी ती उठून जाते."

म्हणून तिनं दोनच जागा दाखवायच्या ठरवल्या. पाच वर्षांची दानू अज्जीच्या मांडीवर चढून बसली.

पहिल्या ठिकाणी लाकडी केबिन होत्या. काशम्मांनी चष्मा सावरला. "ही तर तुमच्या फ्लॅटची धाकटी भैन."

दुसऱ्या ठिकाणी चाकांवरची खोली होती. आत पलंग, चूल, सगळं.

"गाडीत निजायचं? आन कुनी वडून नेली म्हंजी? सकाळी विजापुरात उठायचं काय?"

दानू खदाखदा हसली आणि हसता हसता तिचं बोट मोबाईलवर सरकलं. तिसरा फोटो पुढं आला. तळं, काठाला एक वाकडी चिंच, चिंचेजवळ दोन तंबू.

भुवनेश्वरीनं मोबाईल ओढायला हात पुढं केला.

"थांब," काशम्मा म्हणाल्या. "हे मोठं कर की."

त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तितं खोदलंय का कुटं? पाया-बिया?"

"नाही अत्ती. नुसते तंबू. खुंट्या ठोकायच्या आणि काढायच्या." त्यांना विंचूकाट्याची धास्ती वाटत असेल, असं वाटून तिनं घाईनं जोडलं, "कॉट पण मिळते."

"कॉट नगं. भुईवर निजनार मी. हेच ठरव."

शिवानंदला नवल वाटलं. भुवनेश्वरीनं मात्र, अत्तींचं मन फिरायच्या आत, तिथल्या तिथं जागा ठरवून टाकली.

शनिवारी पोचल्यावर तिथला माणूस, कुंडलिक, पाण्याच्या कडेला तंबू लावू लागला. काशम्मा थेट चिंचेकडं निघाल्या.

"हितं लाव. तोंड पान्याकडं कर."

"मावशी, तिकडं वारं चांगलं लागतंय की."

"वारं तू घे. मला हितंच. आन ही खुंटी हितं नगं रं, जरा पल्याड ठोक."

"इंजिनेर हायसा काय तुमी?" कुंडलिक हसला, पण त्यानं खुंटी पल्याड ठोकली.

हुरडा आला, शेंगाची चटणी आली. काशम्मा पोटभर जेवल्या. कुंडलिकच्या मिशीवरून त्याला दोन टोमणेही मारले. त्या हसल्या तेव्हा भुवनेश्वरी आणि शिवानंदनं एकमेकांकडं पाहिलं. असं हसू हे घर विसरतच चाललं होतं.

दानू अज्जीच्या तंबूत निजली. शेजारच्या तंबूत पडल्या पडल्या भुवनेश्वरीला कापडापलीकडून कन्नड अंगाई ऐकू येत होती. दानू केव्हाच झोपी गेली होती, तरी अंगाई चालूच होती, आणि तिच्याबरोबर मातीवर थोपटल्यासारखा हलका आवाज. ऐकता ऐकता तिचाही डोळा लागला.

सकाळी काशम्मा आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, तळ्याकडं तोंड करून बसल्या होत्या. भुवनेश्वरीनं चहा पुढं केला.

"भुवी, मला गावाला नगं सोडू. सोलापुरातच राहते."

"खरंच, अत्ती?"

"व्हय. पर मधनंमधनं हितं आनायचं. आनशील?"

"म्हणाल तेव्हा."

"मग झालं." काशम्मांनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि चहाचा घोट घेतला.

भुवनेश्वरी जवळजवळ पळतच शिवानंदकडं गेली. ऐकून त्यानं दोन्ही हात जोडले. "सुटलो बाई. अव्वाला इथली हवा मानवली."

"हवाच," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिचा ऊर मोकळा झाला होता. अंथरुणं गुंडाळायला ती गुणगुणत अज्जीच्या तंबूत शिरली.

दानू जागी होती. पालथी पडून तिनं कान जमिनीला लावला होता.

"श्श, आई. हळू बोल की."

"का गं?"

"खाली बाळ निजलंय. अज्जीचं. पप्पांच्या पण आधीचं. ते आजारी पडून गेलं, मग अज्जी-आजोबांनी त्याला इथंच मातीत ठेवलं. इथं कुणीतरी घर बांधलं असेल, असं अज्जीला वाटायचं. पण कुणीच नाही बांधलं."

भुवनेश्वरीनं दानूशेजारी बसून जमिनीवर अलगद हात ठेवला. दानूनं मान वर करून तिच्याकडं पाहिलं.

"पण आई, ते तर माझ्यापेक्षा बारकं आहे. मग मी त्याला काका म्हणू, की बाळ म्हणू?"