ऐकायचं कार्ड

माडत्तीनं जिन्याच्या तळाशी ठरल्याप्रमाणे तीनदा खोकून दाखवलं आणि इसक्कीनं डोळे मिटून घेतले. विड्यांचं सूप तिनं आधीच खाटेखाली सरकवलं होतं. आता तपासणीचे साहेब जाईपर्यंत पापणी हलवायची नाही. तिची मोठी बहीण पेच्ची जन्मापासून अशी मिटल्या डोळ्यांची होती, आणि आज इसक्कीला पेच्ची व्हायचं होतं.

चार दिवस तालीम चालली होती. शेजारची माडत्ती समोर फतकल मारून बसायची आणि ओरडायची, "बघतेस, बघतेस! फट दिसतेय, मेले!"

सगळी भानगड कार्डाची. तिरुनेलवेलीची एक संस्था शाळा-कॉलेजची पुस्तकं मोठ्यानं वाचून, ध्वनिमुद्रित करून अंधांना फुकट द्यायची. प्रकाशकांनी तशी परवानगी दिली होती ती एकाच अटीवर. ज्यांना पुस्तक वाचणं शक्यच नाही, त्यांच्याशिवाय कुणालाही ती ऐकवायची नाहीत. अट मोडली तर परवानगी रद्द. प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला वाचणाऱ्या जया टीचर आपल्या गोड आवाजात हेच बजावायच्या.

कार्ड पेच्चीच्या नावाचं, पण विड्या वळता वळता पुस्तक दोघी ऐकायच्या. दोन वर्षांपूर्वी पेच्ची तापानं गेली, आणि इसक्कीनं कार्ड काही परत केलं नाही. दिवसाला हजार विड्या वळणाऱ्या बाईला पुस्तक धरायला हात कुठले? कान तेवढे मोकळे. त्या कानांच्या जोरावर आठवीत शाळा सुटलेली ही बाई पेच्ची असतानाच बाहेरून दहावी झाली, बारावी झाली, आणि आता बी.ए.च्या शेवटच्या परीक्षेला तीन आठवडे उरले होते. आज संस्थेच्या तपासणीत कार्ड गेलं की सगळंच गेलं.

जिन्यावर पावलं वाजली. माडत्तीनं साहेबांना वर आणलं, खुर्चीत बसवलं, आणि बाई एकदम फिस्सकन हसली.

"अगं पेच्चीअक्का, तू उगाचच..."

इसक्कीनं दात आवळले. ही सटवी आता सगळं ओकणार!

"तुम्ही या आता, अम्मा," साहेब शांतपणे म्हणाले. "आम्ही दोघं बोलतो."

माडत्ती हसत हसतच जिना उतरली. इसक्कीनं मनातल्या मनात तिला चार शिव्या हासडल्या.

"नाव?"

"पेच्चीअम्माळ."

साहेबांनी ते नाव हळूच पुन्हा उच्चारलं. "बरं. तंबाखूचा वास येतोय घरात."

"शेजारी वळतात, सर. कॉफी घ्या ना, ताडगुळाची आहे."

तिनं चाचपडत पेला पुढे केला. त्यांचा हात आला तो भलतीकडेच. पुन्हा चुकामूक झाली. तिसऱ्या खेपेला पेला पोचला. वा गं इसक्की, अगदी हुबेहूब! ती स्वतःवरच खूश झाली.

"कार्ड द्या."

कार्ड घेताना त्यांनी तिची बोटं क्षणभर हातात धरली.

"सरळ होत नाहीत ही?"

"नाही सर. वीस वर्षं वळून वळून..." तिनं जीभ चावली.

कागदावर टकटक, टकटक असा बारीक आवाज येऊ लागला. पेन आपटत विचार करत असावेत.

"संस्थेला काही सांगायचंय?" त्यांनी विचारलं.

"सांगायचंय, सर." इसक्की पुढे सरकली. "जया टीचरना माझा नमस्कार सांगा. मला उभ्या जन्मात कुणी इतकं वाचून दाखवलं नाही. इतिहासाच्या पुस्तकात त्यांना मधेच खोकला येतो ना, तेव्हा वाटतं, उठावं आणि पाणी नेऊन द्यावं. तुम्ही लोकांनी मला माणसात आणलंत. तुमचे उपकार नाही फिटायचे."

सकाळपासून ती पहिल्यांदाच खरं बोलत होती.

"पेच्चीअम्माळ दर रविवारी फोन करायच्या," साहेब म्हणाले. "मीच उचलायचो. म्हणायच्या, सर, आमच्याकडे एक पुस्तक आम्ही दोघी ऐकतो, आणि धाकटी जास्त हुशार आहे. दोन वर्षं फोन आला नाही, तेव्हाच काय ते समजलो."

इसक्कीनं डोळे आणखीनच घट्ट मिटले. आता कुठल्या तोंडानं उघडायचे?

"कार्ड घेऊन जा, सर," ती कशीबशी म्हणाली. "पण माझ्यापायी बाकीच्यांची पुस्तकं बंद होऊ देऊ नका. पाया पडते."

"कार्ड नेतोच आहे. पण त्या परवानगीत तीन प्रकारची माणसं आहेत, अम्मा. एक, ज्यांना दिसत नाही ती. दुसरी, ज्यांना डोळे असून अक्षरं लागत नाहीत ती. आणि तिसरी, ज्यांना हातात पुस्तक धरता येत नाही ती. या तिसऱ्यांचं कुणाच्या लक्षातच येत नाही. सरकारी दवाखान्यातून या बोटांची चिठ्ठी आणा. तुमच्या नावाचं कार्ड करून देतो. काय नाव तुमचं?"

"इसक्कीअम्माळ," ती पुटपुटली. किती दिवसांनी कुणी विचारलं होतं!

पुन्हा टकटक झाली. "अभ्यास करा. ताईला बरं वाटेल." खुर्ची सरकली आणि पावलं सावकाश जिन्याकडे गेली.

मिटल्या पापण्यांतून पाणी वाहतच होतं. मग तिच्या एकदम ध्यानात आलं, की अरे देवा, त्या भल्या माणसाचे आभार मानायचेच राहिले! ती डोळे उघडून धावत गॅलरीत आली.

"सर!"

खाली गल्लीत एक किरकोळ अंगाचे गृहस्थ थांबले. त्यांना नीट दिसावं म्हणून तिनं दोन्ही हात डोक्यावर नेऊन जोडले.

समोरच्या घराच्या बंद दाराकडे तोंड करून ते थोडा वेळ हसत उभे राहिले. मग त्यांनी पिशवीतून घडीची पांढरी काठी काढली, उलगडली, आणि गटाराची कड चाचपत ते रस्त्याकडे निघाले.