मापाची साखळी

बाईंनी वाकून कडीला मूठ घातली. बोटं अंगठ्याला टेकेनात, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

"ही द्या."

साखळीवाल्याने कप्तानाकडे पाहिलं. कप्तान म्हणजे बाईंचा धाकटा दीर. मालवाहू जहाज बाईंचं, चालवायचा तो. गोदामाच्या जमिनीवर चार जाडीच्या साखळ्या शेजारी शेजारी पसरल्या होत्या, आणि बाईंनी त्यातली सगळ्यांत दांडगी धरली होती.

"बाई, हिला तुमचं जहाज काय, अख्खा धक्का बांधता येईल," साखळीवाला म्हणाला. "पण तुमच्याकडे हिचं काय लोणचं घालायचं? नांगराची साखळी ज्या चाकावरून जाते, त्याला खाचा असतात. कडी खाचेत बसली तरच चाक तिला धरणार. ही बसायची नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत, तशी चाक पाहून साखळी घ्यावी."

"मग चाक बदला."

"चाक बदललं की मोटार बदला, मोटार बदलली की खालचा डेक बदला. त्यापेक्षा जहाजच बदला ना." तो स्वतःच हसला. दुसरं कुणी हसलं नाही, तेव्हा त्याने रुमाल काढून उगाच तोंड पुसलं.

"ह्यांच्या जहाजाची साखळीही मापाचीच होती," बाई म्हणाल्या. "वादळात तुटली. जहाज खडकावर गेलं, त्यात हे गेले. आता पुढच्या महिन्यात माझं पोरगं ह्या जहाजावर चढतंय. नांगर सोडताना पुढे उभं राहायचं काम त्याचं. मला मापाची नको. जाड हवी."

दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. बाईंचं दूध तर दोन वर्षं झाली तरी निवलं नव्हतं. त्यांना कोण काय बोलणार?

दीर मात्र बोलला. त्या वादळात तोही भावाच्या जहाजावर होता आणि जिवंत परत आला होता. तेव्हापासून ह्या विषयावर तो मिठाची गुळणी धरून असे, आणि घरच्यांना वाटे, बिचाऱ्याला आठवण सोसत नाही.

"वहिनी, जाड कडी चाकावरून निसटेल. निसटली तर पुढे जो उभा असेल त्याच्याच अंगावर येईल."

"मला घाबरवू नका, भावजी."

"घाबरवत नाही. मापाचीच घेऊ, पण लांब घेऊ. आहे त्यापेक्षा दोन तुकडे जास्त."

"तुटायचीच असेल तर लांब काय नि आखूड काय!"

"असं कसं, बाई?" साखळीवाल्याला आता राहवेना. "लांब सोडली की निम्मी साखळी समुद्राच्या तळाला लोळत पडते. तिच्या ओझ्याने जहाज जागेवर राहतं. आखूड सोडली की ती ताठ होते, मग प्रत्येक लाटेला हिसका. हिसक्यापुढे जाडीचं काही चालत नाही. पण वादळाच्या दिवसांत आखूड सोडतो कोण? नवशिकाही सोडत नाही."

दिराने मान खाली घातली. बाईंनी ते पाहिलं.

"ह्यांनी किती सोडली होती?"

दीर पायाजवळची एक कडी बुटाने सरळ करू लागला.

"तुम्ही तिथे होतात, भावजी."

"कमी," तो म्हणाला. "कमी सोडली होती."

"सगळा जन्म नांगर टाकण्यात गेला त्यांचा. त्यांना कळत नव्हतं?"

"कळत होतं. वादळ बाजूने जाईल असा अंदाज होता. लांब सोडली की वर ओढायला फार वेळ जातो. दादा म्हणाला, थोडीच सोडा, उजाडलं की लगेच निघू. मग वादळ आमच्यावरच वळलं. आणखी सोडायला सवडच मिळाली नाही."

"एवढी कसली घाई होती?"

प्रश्न तोंडातून निघून गेला आणि उत्तर बाईंचं त्यांनाच आठवलं. मुलगा शिकायला परगावी निघाला होता. त्याच संध्याकाळी त्याच्या वडिलांना त्यांनी जहाजावर फोन केला होता, की तो जायच्या आत घरी या, मला कारणं सांगू नका. ते म्हणाले होते, "येतो. उद्या दुपारी जेवायला घरी."

बाई त्या जाड साखळीवरच खाली बसल्या. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

"दोन वर्षं मला सांगितलं नाहीत?"

"काय म्हणून सांगू, वहिनी? तुम्ही साखळीला शिव्या देत होता. देऊ देत म्हटलं, तिला काय लागतंय."

साखळीवाल्याला कुठे बघावं ते समजेना. तो आत गेला आणि पाण्याचा पेला घेऊन आला. बाईंनी पाणी घेतलं, निम्मं प्यायलं आणि पेला परत केला.

"कोणती काढू मग?" त्याने हळूच विचारलं.

"भावजी म्हणतात ती. मापाची." बाई उठल्या, पदराला लागलेला गंज त्यांनी झटकला. तो निघाला नाही. "लांब द्या."

"किती?"

"जहाजात मावेल तेवढी."

साखळीवाला माणसांना हाका मारायला गेला. बाई दिराकडे वळल्या.

"पोराला एक सांगा. माझ्याने सांगवणार नाही, तुम्हीच सांगा. नांगर टाकलेला असताना आईचा फोन आला, तर उचलायचा नाही."