हळू बोल
माझा नवरा फोल्के वारला, त्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी आमची शिडाची नाव एकटीनेच बाहेर काढली. घरात दिवसभर माणसाचा आवाज कानावर पडत नव्हता, म्हणून मुद्दाम, जिथे इतर नावा थांबतात अशा बेटाकडे वळले. आमच्या बाल्टिक समुद्रातल्या बेटांवर रीत आहे, नाव येताना दिसली की खडकावरचं कुणीतरी दोर झेलायला पुढे येतं. पूर्वी फोल्के मागून नांगर सोडायचा आणि मी पुढून दोर फेकायचे. आता नांगर सोडून मीच धापा टाकत पुढे धावले. ऑगस्ट सरत आला होता, आमच्याकडचा उन्हाळा संपत आला होता; पाइनच्या झाडांखाली एकच तरुण जोडपं उरलं होतं. मुलीने दोर झेलून बुंध्याला बांधला. "दोन्ही कामं तुमच्याच गळ्यात, काकू? काका कुठे दडलेत?" "स्वयंपाक झाला की उगवतील," तिचा नवरा म्हणाला. "मीही तीच विद्या शिकतोय." "तुझी शिकून झाली केव्हाच," ती म्हणाली. दोघं इतकी मोकळी हसली की खरं सांगायला माझी जीभ रेटेना. "आत झोपलेत," मी म्हणाले. "अरे देवा, आणि आम्ही ओरडतोय," मुलगी एकदम कुजबुजली. तिने धावत जाऊन त्यांच्या नावेवरचा रेडिओ बंद केला. नंतर शेकोटीवर मासे भाजताना दोघं खुणांनीच बोलत होती. मी नावेवर, शाल लपेटून, त्यांच्याकडे बघत बसले. काकांची झोप मोडू नये म्हणून, शेकोटीपाशी या म्हणायला त्यांनी मला हाकही मारली नाही.