पूर्वेकडची भिंत

लॉर्नानं शेजारच्या खुर्चीवर नवऱ्याची टोपी ठेवली आणि उडू नये म्हणून तिच्यावर आपले हातमोजे ठेवले.

"इथे कोणी आहे का हो बाई?" पलीकडच्या माणसानं विचारलं. गडी आडवातिडवा, अंगात विरुद्ध संघाच्या कॉलेजचा हिरवा सदरा, मांडीवर खाण्याची भलीमोठी पिशवी. "नाही, पिशवी ठेवली असती."

"नवरा आहे. गाडी लावून येतोय."

ड्वेनला जाऊन एकोणीस दिवस झाले होते. आपण असं का बोललो, तिचं तिलाच कळलं नाही.

या दोन खुर्च्यांची तिकिटं ड्वेननंच काढलेली. सामना जाहीर झाला त्याच दिवशी मैदानाचा नकाशा उघडून बसला होता. पूर्वेची भिंत, पहिली रांग, खाली लगेच गोलरेषा. "अगं, तू बघच. पोरगा मांडीत येऊन पडतो की नाही!"

पोरगा म्हणजे कोल्बी. सात नंबर, संघात चेंडू फेकणारा तोच. आज त्याचा कॉलेजातला शेवटचा सामना. बापाच्या मातीला आला आणि दुसऱ्या दिवशी सरावाला परत गेला. फोन केला की, "बरा आहे, आई." पुढे काही नाही. तो रडला नव्हता, आणि तीही नाही. सामन्याचं तिला काही पडलं नव्हतं. एकदा त्याचं तोंड जवळून बघायचं होतं, बस.

आता बेसबॉलच्या मैदानात अमेरिकन फुटबॉल, म्हणजे हातात चेंडू घेऊन गोलरेषा ओलांडायचा खेळ, बसवायचा म्हणजे एका घराचं दार दुसऱ्या घराला लावायचं. कुठेतरी अडणारच. इथे ते पूर्वेला अडलं. गोलरेषा आणि भिंत यांच्यात चार पावलंसुद्धा नीट नव्हती. पोरांची डोकी फुटायची म्हणून पंचांनी सकाळीच ठरवलं, आणि सामन्याआधी कर्ण्यावरून सांगितलं: चेंडू कुठल्याही संघाकडे असो, चढाई पश्चिमेकडेच करायची.

"झालं!" हिरव्या सदऱ्यावाला म्हणाला. "म्हणजे आपल्याकडे दिवसभर शुकशुकाट. तुमच्या संघाच्या त्या सात नंबरवाल्यानं फेकलेला चेंडू आमच्या कोणी मधल्यामध्ये लांबवला, तरच तो उलटा पळत इकडे येणार. सांगा की त्याला, जरा मेहरबानी कर म्हणावं!"

लॉर्नानं टोपीवरचे हातमोजे नीट केले.

तीन तास तिनं पोराची पाठ बघितली. चढाई पश्चिमेकडे, म्हणजे त्याचं तोंड पश्चिमेकडे. कधी संघ मागे रेटला गेला की तो तिच्यापासून वीस पावलांवर यायचा, पण पाठमोराच. सात आकडा, त्याला चिकटलेली माती. तिनं हाक मारून बघितली. त्या गलक्यात कुणाला ऐकू जातंय!

हिरव्या सदऱ्यावाल्यानं पिशवीतल्या थर्मासमधून तिला गरम चॉकलेटचा पेला भरून दिला. तिनं तो घेतला. जीभ भाजली, तेही तिला उशिरा समजलं.

शेवटची चार मिनिटं उरली. कोल्बीचा संघ तीन गुणांनी पुढे. आजूबाजूचे तिच्या संघाचे लोक उभे राहून ओरडत होते. लॉर्ना बसून होती, आणि तिच्या मनात आलं, चुकू दे. देवा, एकदाच चुकू दे त्याला.

आईच्या मनात असलं यावं! तिला स्वतःची भीती वाटली. तरी ते जाईना.

कोल्बीनं चेंडू फेकला. मध्येच हिरव्या संघाचा एक खेळाडू उसळला, चेंडू त्याच्या हातात बसला, आणि तो वळला. पूर्वेकडे.

त्याच्यापुढे अख्खं मैदान रिकामं होतं. मागे एकटा कोल्बी. चेंडू गेला तर जाऊ द्यावा, पण पोरगा सुटला तो सुटलाच. पहिल्यांदा त्याचं तोंड तिच्याकडे होतं. चेंडूवाला गोलरेषा ओलांडून थांबला. कोल्बीला थांबता आलं नाही. तो धाडकन भिंतीला लावलेल्या गादीवर आदळला आणि लॉर्नाच्या पायांखाली उपडा पडला.

तो उठला नाही. खांदे हलत होते. लोकांना वाटलं, लागलं. लॉर्नाला माहीत होतं. सहा वर्षांचा असल्यापासून तो असाच रडायचा, तोंड खाली घालून, आवाज न करता.

ती कठड्यावरून वाकली. "कोल्बी. लागलं का रे?"

त्यानं शिरस्त्राण काढलं. डोळे लालभडक. "नाही."

मग त्यानं शेजारची खुर्ची बघितली. बराच वेळ बघत राहिला. सोबती त्याला दंडाला धरून उठवत होते.

"टोपी सांभाळ, आई," तो म्हणाला. "वारा आहे."

आणि गेला. पुन्हा ती पाठ, तो सात आकडा. सामना आता हातचा गेलाच होता. तिला बरं वाटत होतं, आणि बरं वाटल्याची लाज वाटत होती. तोंड ओलं कशानं झालं, हे तिनं हात लावून बघितलं.

हिरव्या सदऱ्यावाला नाचून नाचून दमला आणि धपकन बसला. "घ्या! नवरा काही आला नाही तुमचा. अहो, नेमकं हेच हुकलं की त्यांचं!"

लॉर्नानं हातमोजे बाजूला केले, टोपी उचलली आणि कानांपर्यंत ओढून स्वतःच्या डोक्यावर घातली.

"नाही हुकलं," ती म्हणाली. "ठेवा तुमची पिशवी."