एका लेखकाला एकच नाव

"मॅडम, कॉम्प्युटरला रडगाणं कळत नाही," दौलत सुर्वे म्हणाला आणि खुर्चीत मागे रेलला. "तुमच्या नावावर आधीचा एकही पेपर नाही. फी मंजूर होणार नाही."

डॉ. सरस्वती तांडेल त्याच्या टेबलासमोर उभ्याच होत्या. कुणाला बसा म्हणायची दौलतची पद्धत नव्हती. खोपटच्या या संशोधन संस्थेत सगळे डॉक्टरेटवाले, पण एकालाही धड फ्लॉपी घालता येत नाही, असं त्याचं पक्कं मत होतं. म्हणून तर त्याला डोंबिवलीहून बोलावून घेतलं होतं. साल अठ्ठ्याण्णव. जगात कुणालाही नेटवर फुकट वाचता येतील अशी नियतकालिकं निघू लागली होती आणि त्या फुकटाचा खर्च लेखकाच्या माथी मारत होती. ती फी संस्था भरायची, पण आधी दोन पेपर छापून आलेल्यांचीच. हे सगळं कॉम्प्युटरवर बसवायला दौलतनं तीन तक्ते आखले होते: लेखक, पेपर आणि फी. तिन्ही तक्ते लेखकाच्या नावानं एकमेकांना जोडलेले. या आखणीवर स्वारी भलतीच खूश होती.

"माझे दोन पेपर आहेत," बाई म्हणाल्या. "शेवंती भोईर या नावानं. लग्नात सासरच्यांनी नाव बदललं. खाडीच्या पाण्यावर एवढी वर्षं काम केलंय हो मी. आज फी गेली नाही तर नियतकालिकवाले हा पेपर काढून टाकतील."

"मग शेवंतीबाईंना पाठवा. त्यांची फी लगेच मंजूर करतो." स्वतःच्याच विनोदावर तो फिदीफिदी हसला. "अहो, एका माणसाला एकच नाव असतं. घरोघरची सोंगं मी कुठवर सांभाळू? उद्या कुणी पाळण्यातलं नाव घेऊन येईल."

बाई जागच्या हलल्या नाहीत. "तुमच्या मिसेसचं नाव काय?"

"विमल."

"आणि लग्नाआधीचं?"

दौलतनं तोंड उघडलं. ताटातले तांदूळ त्याला लख्ख आठवले. अंगठीनं त्यात 'विमल' त्यानंच लिहिलं होतं, मग मावशीनं साखर वाटली होती. त्याआधीचं नाव मात्र काही केल्या येईना. पत्रिकेवर तर छापलेलं होतं. अख्ख्या संस्थेला मूर्ख ठरवून बसलेला हा शहाणा आता छताकडे बघत होता.

"सांगतो की," असं गुरकावून त्यानं फोन ओढला. डोंबिवलीला घंटी वाजत होती तोवर त्यानं कागदावरच्या आखणीतलं 'नाव' खोडलं, तिथं 'लेखक क्रमांक' लिहिलं आणि नावांसाठी चौथा तक्ता आखला. एका क्रमांकाला हवी तेवढी नावं. मग समोरची खुर्ची पायानंच बाईंकडे सरकवली. त्या बसल्या.

"अगं विमल," आवाज खाली आणत तो म्हणाला, "तुझं माहेरचं नाव काय होतं गं?"

पलीकडून विमलनं विचारलं, "नुसतं नाव विसरलात, की आडनावही?"